स्पिरिट आहे, पण कोणतं?

हार्डवेअरच्या दुकानात "स्पिरिट मिळेल का?" म्हणून विचारलं की काउंटरवरून उलट प्रश्न येतो, "पॉलिशला का?" मेडिकलमध्ये विचारलं तर, "जखमेला का?" चहाला हवंय असं सांगितलं की दोन्हीकडचे चेहरे सारखेच होतात.

पण खरोखर चहालाच हवं असतं. सह्याद्रीत एक मुक्काम करून परतणाऱ्याची गरज किती? टाक्यातलं पाणी उकळायचं, दोन-तीनदा चहा, रात्री मॅगी किंवा मुगाची खिचडी. एवढ्यासाठी गॅसचा डबा आणि त्याचा स्टोव्ह सॅकमध्ये कोंबायचा जिवावर येतं. म्हणून काही जण कोल्ड्रिंकच्या दोन डब्यांचे बुडखे कापून एकमेकांत बसवतात, कडेनं टाचणीनं बारीक भोकं पाडतात आणि पंधरा-वीस ग्रॅमचा बर्नर घरीच तयार करतात. आत अल्कोहोल ओतायचं, काडी लावायची, अर्ध्या मिनिटात भोकांतून निळ्या ज्योतींचं कडं उभं राहतं. ज्यांना खटपट नको त्यांच्यासाठी स्वीडनच्या ट्रांगिया कंपनीचा पितळी बर्नर आहे. १९५१ पासून तो जवळजवळ त्याच रूपात मिळतोय, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नाहीच. पंप नाही, पिन मारायची नाही, हलता भाग एकही नाही.

यंत्रात काहीच नसलं की सगळा भार इंधनावर येतो. आणि इंधनाबद्दल विचारलं की बहुतेक जण "कुठलंही स्पिरिट चालतं" म्हणतात. हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. स्पिरिट हा आपल्याकडे पदार्थ नाही, आडनाव आहे. त्या आडनावाची माणसं एकमेकांपासून फार वेगळी निघतात.

ज्यांच्या घरी पंपाचा पितळी स्टोव्ह होता त्यांना काकडा आठवत असेल. स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा बर्नरच्या मानेला अडकवायचा आणि पेटवायचा. तो निळसर जळत बर्नर तापवायचा, मग पंप मारला की आतल्या रॉकेलची वाफ होऊन स्टोव्ह फरफर पेटायचा. स्पिरिट संपलं म्हणून कोणी काकडा रॉकेलमध्येच बुडवला, की पिवळी ज्योत, काळा धूर आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर काजळी. तेच रॉकेल वाफ होऊन बर्नरातून आलं की निळं जळायचं. या जुन्या दृश्यात आपल्या विषयाचं निम्मं रसायनशास्त्र आहे. द्रव जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि वाफेला पुरेशी हवा मिळाली नाही की उरलेला कार्बन काजळी होऊन भांड्याला चिकटतो.

आपल्या कामाची अल्कोहोलं तीन. मेथनॉलच्या रेणूत कार्बनचा एक अणू, इथेनॉलच्या रेणूत दोन, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या रेणूत तीन. या शेवटच्याला दुकानात आयपीए म्हणतात. तिघांतही ऑक्सिजनचा अणू मात्र एकेकच. म्हणजे मेथनॉल आपल्या शिदोरीत चतकोर भाकरी बांधूनच निघतं आणि आयपीए जवळजवळ सगळं हवेकडून मागतं. आकड्यांत सांगायचं तर एक ग्रॅम मेथनॉल पूर्ण जळायला साडेसहा ग्रॅमच्या आत हवा पुरते, इथेनॉलला नऊ ग्रॅम, आयपीएला दहाच्या वर. टाचणीच्या भोकांच्या बर्नरवर भांडं ठेवलं की हवेचा रस्ता आधीच अरुंद होतो. त्यात मेथनॉल निवांत जळतं, इथेनॉल सांभाळून घेतं, आयपीएचा दम लागतो. ज्योत पिवळी होते आणि भांड्याचा तळ कढईसारखा काळा.

उष्णतेचा क्रम याच्या बरोब्बर उलटा आहे. दर ग्रॅमला मेथनॉल साधारण २० किलोज्यूल देतं, इथेनॉल २७ च्या जवळ, आयपीए ३० च्या आसपास. तुलनेसाठी, स्वयंपाकाचा गॅस ४६ च्या घरात आहे. अर्धा लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे १५७ किलोज्यूल लागतात. सगळी उष्णता पाण्यात गेली असती तर त्याला सात-साडेसात मिली इथेनॉल पुरलं असतं. पण निम्मी तरी वाऱ्यावर जाते. त्यामुळे खरा हिशेब इथेनॉलला पंधरा मिली, मेथनॉलला वीस, आयपीएला तेरा-चौदा असा धरावा, आणि आडोसा नसेल तर यात आणखी भर.

गॅस एवढा तगडा असताना अल्कोहोल कशाला, हा प्रश्न इथं रास्त आहे. उत्तर इंधनात नाही, डब्यात आहे. गॅसचा दाब सांभाळायला पत्र्याचा जाड डबा लागतो आणि तो रिकामा झाला तरी वाहूनच आणावा लागतो. शिवाय एका मुक्कामालाही अख्खा डबा न्यावा लागतो. अल्कोहोल हवं तेवढंच नेता येतं. सहा वेळा अर्धा-अर्धा लिटर उकळायचं असेल तर वाऱ्याची धरून १२० मिली, म्हणजे शंभर ग्रॅमच्याही आत. आठ-दहा दिवसांच्या भ्रमंतीत मात्र हा फायदा संपतो आणि गॅस पुढे जातो. बर्फ वितळवायचा असेल तर अल्कोहोलचा नादच सोडावा. एक किलो बर्फाचं नुसतं पाणी करायला ३३४ किलोज्यूल लागतात, गरम करणं पुढचं. थंडीत अल्कोहोल पेटायलाही कुरकुरतं, कारण वाफच कमी निघते. लडाखमध्ये पहाटे चहा हवा असेल तर इंधनाची बाटली आधी थोडा वेळ जॅकेटच्या आत ठेवायची. मग काडी धरते.

एकदा गॅलरीत दोन सारखे बर्नर शेजारी ठेवून मी इथेनॉल आणि आयपीए जाळून पाहिलं. दोन्हींवर स्टीलचे सारखेच मग, दोन्हींत अर्धा लिटर पाणी. वेळेत म्हणावा तसा फरक पडलाच नाही. फरक मग उचलल्यावर दिसला. इथेनॉलवरच्या मगाचा तळ किंचित निळसर पिवळा झाला होता, बोट फिरवलं तर स्वच्छ. आयपीएवरच्या मगाला मखमलीसारखी काजळी होती. तो मग मी नकळत पांढऱ्या कठड्यावर ठेवला आणि घरात त्याची चर्चा चहापेक्षा जास्त वेळ चालली. दुसरी गोष्ट त्या दिवशी कायमची डोक्यात बसली. दुपारच्या उन्हात इथेनॉलची ज्योत दिसतच नव्हती. बर्नर विझला म्हणून मी भरायला बाटली उचलली, आणि सवय म्हणून आधी वर हात धरून पाहिला. तो चालू होता.

आता जळण्याचा विचार बाजूला ठेवू. निव्वळ ज्योतीवर निवड करायची असती तर मेथनॉल पहिलं आलं असतं. काजळी नाही, थंडीत लवकर पेटतं, अमेरिकेत तर पेट्रोलपंपावर मिळतं. तिकडे लांब पल्ल्याच्या पायवाटा चालणारे गाडीच्या इंधननळीतलं पाणी घालवायचं 'हीट' नावाचं द्रव्य घेतात. त्याची पिवळी बाटली मेथनॉलची, लाल बाटली आयपीएची. नव्या माणसाला तिथला पहिला धडा हाच मिळतो, की पिवळी घे, लाल नको. तिकडे स्थायिक झालेले आपले मित्र इकडे आले की हाच धडा आपल्याला देतात. मला तो इथं लागू करायचा नाही.

मेथनॉल हे विष आहे. मराठी वाचकाला ते समजावायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती मेथनॉलमुळेच. शरीरात गेलं की यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड करतं आणि मग फॉर्मिक ॲसिड. डोळ्यांच्या नसा या ॲसिडला सर्वांत आधी बळी पडतात. दहा मिली पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या दोन चमच्यांएवढं. ते कातडीतून आणि श्वासातूनही आत जातं. चार थेंब हातावर पडले म्हणून कोणी आंधळं होत नाही, हे खरं. पण ट्रेकवर काय होतं ते आठवा. अंधारात, थकलेल्या हातांनी, एकाच सॅकमध्ये पाण्याच्या तीन बाटल्या आणि इंधनाची एक. बोटांना लागलेलं न धुता त्याच हातानं चिवडा. माझ्या हिशेबात मेथनॉल इथंच बाद होतं.

मग इथेनॉल आणा, एवढंच ना? गंमत इथं सुरू होते. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या मळीपासून इथेनॉलचे टँकरच्या टँकर निघतात, पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं, आणि ट्रेकरला त्यातलं पावशेर शुद्ध मिळत नाही. कारण पिण्याजोग्या अल्कोहोलवर राज्य उत्पादन शुल्क विभागाची नजर असते. उद्योगाला लागणारं इथेनॉल करातून सुटावं पण कोणी पिऊ नये, म्हणून त्यात मुद्दाम कडू, घाण वासाची किंवा विषारी द्रव्यं घालतात. असं बिघडवलेलं इथेनॉल म्हणजे डिनेचर्ड स्पिरिट. दारूबंदीच्या १९४९ च्या कायद्यानं त्याच्या खरेदी-विक्रीवर आणि बाळगण्यावरही परवान्यांचं कुंपण घातलंय. म्हणून ते सरळ दुकानात, ठसठशीत लेबलासकट क्वचितच दिसतं. ब्रिटनमध्ये हेच जांभळ्या रंगाचं मिथिलेटेड स्पिरिट, जर्मनीत ब्रेनस्पिरिटुस, आणि तिकडे ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. परदेशी ट्रेकरचे व्हिडिओ पाहून आपण त्याच बाटलीच्या शोधात निघतो आणि हार्डवेअरवाल्यापाशी येऊन थांबतो.

तर हार्डवेअरवाला काय देतो? सुतार चपडा लाख विरघळवायला वापरतात ते 'पॉलिशचं स्पिरिट'. कधी ते डिनेचर्ड इथेनॉल असतं. पण त्यात मेथनॉल असण्याची, किंवा सगळंच मेथनॉल असण्याची शक्यता भरपूर. सुट्टं, कॅनमधून काढून जुन्या बाटलीत भरलेलं असेल तर दुकानदारालाही ठाऊक नसतं. वास घेऊन किंवा ज्योतीचा रंग बघून इथेनॉल आणि मेथनॉल वेगळं ओळखता येतं, असं सांगणारे भेटतात. येत नाही. दोघांचा वास जवळजवळ सारखा, दोघांची ज्योत निळी. "स्पिरिट संपलंय, थिनर देऊ?" असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. थिनर हे अल्कोहोल नव्हे. त्यात टोल्युइनसारखी द्रव्यं असतात, ती उघड्या बर्नरमध्ये भडकतात आणि धूर असा काढतात की खिचडी त्याच वासाची होते. टर्पेंटाइनचंही तेच.

मेडिकलमधली गोष्ट जरा बरी, कारण बाटलीवर छापलेलं असतं. 'सर्जिकल स्पिरिट' या नावाखाली कधी इथेनॉल असतं, कधी आयपीए, म्हणून नाव वाचू नका, मागचा बारीक मजकूर वाचा. आणि टक्केवारी बघा. सत्तर टक्क्यांचं द्रावण जंतू मारायला उत्तम, चहाला नाही. यातलं पाणी सगळी उष्णता खातं असं सर्रास म्हणतात, पण हिशेब केला तर तसं दिसत नाही. सत्तर टक्क्यांच्या शंभर मिली द्रावणात साधारण ५५ ग्रॅम इथेनॉल आणि ३३ ग्रॅम पाणी असतं. ते पाणी तापवून उडवायला लागणारी उष्णता एकूण उष्णतेच्या सहा टक्केच भरते. खरी अडचण वेगळी आहे. अल्कोहोल आधी उडून जातं, पाणी मागे राहतं, आणि बर्नरमध्ये द्रव दिसत असतानाच ज्योत मान टाकते. शिवाय ते पाणी तुम्ही गड चढून वर वाहून नेलेलं असतं, जिथं टाक्यात पाणी आहेच. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूनं: थोडं पाणी मिसळलं की आयपीएची काजळी कमी होते. ज्याला भांडी घासायचा कंटाळा आहे त्यानं नव्वद टक्क्यांच्या आसपास करून पाहावं.

कोविडनंतर घरोघरी उरलेलं सॅनिटायझर जाळायचा मोह मलाही झाला होता. जेलमध्ये घट्टपणासाठी घातलेला पदार्थ आणि ग्लिसरीन बर्नरच्या भोकांत चिकटून बसतात, बर्नर फुकट जातो. केटरर बुफेच्या भांड्यांखाली ठेवतात ते जेलचे छोटे डबे त्यापेक्षा बरे. सांडलं तरी लगेच पसरत नाही. पण ते अन्न गरम ठेवण्यासाठी बनलेले असतात, पाणी उकळायला तासन्‌तास बसावं लागतं, आणि त्यांतही मेथनॉलचे असतात, तेव्हा लेबल पाहणं आलंच.

एवढ्या सगळ्यातून माझ्या हाताला दोन गोष्टी लागतात. शोभेच्या शेकोट्यांसाठी बायोइथेनॉल म्हणून सीलबंद मिळतं, त्यावर घटक स्पष्ट छापलेले असतील तर ते. नाहीतर ९९ टक्क्यांचं आयपीए, जे इलेक्ट्रॉनिक्सचे दुरुस्तीवाले सर्किट पुसायला वापरतात. ते सीलबंद मिळतं आणि आत काय आहे ते बाहेर लिहिलेलं असतं. काळा मग राखेनं घासला की निघतो. आयपीए वापरायचंच असेल तर बर्नर थोडा उघडा, रुंद तोंडाचा घ्या आणि भांडं ज्योतीपासून बोटभर उंच ठेवा, हवा खेळली पाहिजे. आयपीए पिण्याजोगं आहे असा याचा अर्थ नाही, तेही विषारीच, फक्त मेथनॉलइतकं क्रूर नाही.

न दिसणाऱ्या ज्योतीकडे परत येऊ, कारण या स्टोव्हचे गंभीर अपघात बहुतेक तिथेच होतात. १९८१ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत रिक मिअर्सच्या गाडीत मेथनॉल भरताना ते सांडून पेटलं. आसपासच्या माणसांना आगच दिसेना, माणूस नुसताच हातवारे करताना दिसत होता. आपल्या गॅलरीतला किंवा गडावरचा प्रसंग याचंच छोटं रूप. विझलाय असं समजून बाटलीतून वर धार धरली की ज्योत धारेवरून बाटलीत शिरते. अर्धी रिकामी बाटली वाफेनं भरलेली असते. ती फुटत नाही, तोफेसारखी तोंडातून पेटती फवारणी करते आणि समोर बसलेला मित्र भाजतो. शाळांच्या प्रयोगशाळांतही असेच अपघात झालेत. म्हणून पुन्हा भरायची वेळच येऊ देऊ नये, लागेल तेवढं एकदाच मोजून ओतावं. भरायचंच झालं तर बर्नर हाताला गार लागेपर्यंत थांबायचं आणि बाटलीतून थेट न ओतता टोपणात घेऊन ओतायचं.

तंबूच्या आत नको. आगीचं कारण आहेच, पण अपुऱ्या हवेत जळलं की कार्बन मोनॉक्साइड होतो आणि त्याला वास नसतो. आणि फेब्रुवारीनंतर सुकलेल्या गवतावर नको. गॅसचा स्टोव्ह कलंडला तर कॉक बंद करता येतो, इथं कलंडलं की पेटतं द्रव उताराला लागतं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या अनेक जंगलांत वणव्याच्या मोसमात अल्कोहोल स्टोव्हवर बंदी येते, ती याच कारणानं: त्याला बंद करायची झडप नाही. आपल्याकडे असा फलक नसला तरी उन्हाळ्यातलं गवत तेच. खडकाचा चौथरा, टाक्याजवळचा उघडा कातळ बघून बसायचं. पेटलंच तर ओली पंचा-चादर किंवा पातेलं उपडं घालून हवा तोडा. अल्कोहोल पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाण्यानंही ते विझतं. रॉकेलला हा नियम लागू नाही.

प्रवासाचं काय? विमानात इंधन नाहीच, ना हातात ना सामानात. रेल्वेतही ज्वालाग्राही पदार्थ नेणं १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे हिमालयात जायचं असेल तर इंधन तिथं पोचल्यावर घ्यायचं, आणि तिथंही पुन्हा तोच प्रश्न: बाटलीत काय आहे?

माझी बाटली जाड प्लास्टिकची, अडीचशे मिलीची आहे, पाण्याच्या कुठल्याच बाटलीसारखी दिसत नाही. गळ्याला लाल चिकटपट्टी, अंगावर मार्करनं 'विष', आणि तिची जागा सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, खाण्यापासून लांब. मोजायला खोकल्याच्या औषधाचं पंधरा मिलीचं टोपण ठेवलंय: एक टोपण म्हणजे वारा नसताना अर्धा लिटर. ते घरच्या औषधाच्या डब्यात चुकूनही परत जाऊ नये, म्हणून सुरीनं त्याच्यावर मोठी फुली कोरलीय.